चौलचे चिरे आणि कोर्लईची बोली

अलिबागहून दक्षिणेला निघालेला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चौल मागे टाकतो आणि रेवदंड्यात थेट किल्ल्याचा तट भेदून आत शिरतो. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही या वाटेने गेलो, तेव्हा तेथील एक निवृत्त शिक्षक वाट दाखवायला बरोबर होते. तटाशी गाडी थांबवून ते म्हणाले, “हेच पोर्तुगीजांचे चौल. निजामशाहीचे चौल मागे राहिले.”

चौल हे फार जुने बंदर. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात याच किनाऱ्यावर उतरला. १५०८ साली येथील खाडीच्या तोंडाशी इजिप्त व दीवच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत खुद्द व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधण्यास घेतला आणि १५७०-७१ चा निजामशाही वेढाही त्यांनी परतवला. आज आत नारळाच्या बागा आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात, पण सातही खण आता उरलेले नाहीत. पडक्या भिंतींवर सहलीला आलेल्यांनी नावे कोरली आहेत. त्यांत आपल्या समाजाचीही नावे वाचून वाईट वाटले.

खाडीपलीकडे कोर्लईची डोंगरसोंड समुद्रात घुसलेली दिसते. तिच्यावरचा गड पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि दुसऱ्याच वर्षी चौल व कोर्लई तहाने मराठ्यांकडे आली. ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याकडे गेले. ज्यांना जायला ठिकाण नव्हते ते राहिले.

त्या राहिलेल्यांचे गाव म्हणजे कोर्लई. कार्मेल मातेच्या मंदिराभोवती वसलेल्या या वस्तीत आजही हजाराच्या आतबाहेर माणसे एक वेगळी बोली बोलतात. तिला ती ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. पाव, पगार, चावी, घमेले हे शब्द पोर्तुगीजांकडून घेऊनही आपण मराठीच राहिलो. वसईच्या कुपारी समाजाने दोनशे वर्षांच्या अंमलाखाली आपली कादोडी टिकवली. कोर्लईत उलट घडले. गडावरचे शिपाई आणि त्यांच्याकडे राबणारी माणसे यांच्या व्यवहारातून ही बोली जन्मली, धनी निघून गेले आणि बोली चाकरांच्या मुलांची झाली. ती परक्यांची उष्टी भाषा आहे, असे आमच्या मंडळींपैकी एकाने म्हटले. आम्हाला ते मान्य नाही. अडीचशे वर्षांहून अधिक काळ जिच्यात आया मुलांना निजवतात, ती भाषा उष्टी कशी?

भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी १९९६ साली या बोलीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा जगाला तिची ओळख झाली. पण तिला जपणारा खरा तट म्हणजे गावाचे एकटेपण. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, आणि शेजारच्या वस्त्यांशी सोयरीक नाही. १९८६ मध्ये खाडीवर पूल झाला आणि तो तट पडला. मुले मराठी शाळेत शिकू लागली, तरुण नोकरीसाठी बाहेर पडले. पूल नको होता, असे आम्ही कसे म्हणावे? रात्री-अपरात्री रुग्णाला होडीतून नेणे म्हणजे काय, हे त्या गावालाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र धर्मगुरू म्हणून आम्हाला सलते. या बोलीने देवाशी बोलायचे कधी? मिस्सा लॅटिनमध्ये होती, प्रार्थना व प्रवचन पोर्तुगीजमध्ये. दुसऱ्या वॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लोकभाषेचे दार उघडले, आणि आपण मराठी उपासनेचा आनंद केला. तो आनंद रास्तच होता. परंतु कोर्लईसाठी लोकभाषा म्हणून आली तीही शेजाऱ्यांचीच. नोलिंग घरी, अंगणात, जाळी विणताना, भांडताना, वेदीपाशी नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा मंदिराच्या ओसरीत धर्मशिक्षणाचा वर्ग सुटत होता. मुलांनी आम्हाला शुद्ध मराठीत ‘प्रभू येशूची स्तुती असो’ म्हटले, चपला शोधल्या, आणि मग एकमेकांना हाका मारीत किनाऱ्याकडे धावली. त्या हाकांतले आम्हाला अक्षरही कळले नाही.