बारा अश्वशक्तीचं इंजिन

१९०३ साली अमेरिकेत विमानासाठी बनवलेली दोन इंजिनं तयार होती. त्यातलं एक त्या काळच्या मानानं अप्रतिम होतं. उडालं ते दुसरं.

अप्रतिम इंजिन होतं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ले यांच्याकडे. त्यांच्या पाठीशी युद्धखात्याचे ५० हजार डॉलर होते. न्यूयॉर्कच्या स्टीफन बाल्झर यांनी १८९८ मध्ये १२ अश्वशक्तीचं इंजिन करून देण्याचा करार केला आणि त्यापायी ते कर्जबाजारी व्हायच्या बेतात आले. त्यांच्या इंजिनात सिलिंडरच गरगर फिरत. लँग्ले यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी सिलिंडर स्थिर केले, ते पाण्यानं थंड ठेवण्याची सोय केली आणि त्या पाच सिलिंडरांतून ५२ अश्वशक्ती काढली. वजन पाण्यासकट साधारण ९४ किलो!

इकडे डेटन गावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंना हवी होती फक्त ८ अश्वशक्ती. त्यांनी इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहिली, पण हवं तसं हलकं इंजिन कुणाकडे मिळेना. मग काम आलं दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिककडे. त्यांनी त्याआधी पेट्रोलच्या इंजिनाला हात लावला होता तो एकदा, दुरुस्तीसाठी. लेथ आणि ड्रिल मशीन एवढ्याच भांडवलावर त्यांनी पोलादाच्या ठोकळ्यातून क्रँकशाफ्ट कोरला. इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा ओतून घेतला. सहा आठवड्यांत इंजिन उभं राहिलं. त्याला कार्ब्युरेटर नाही, स्पार्क प्लग नाही, पाण्याचा पंप नाही. पेट्रोल वरच्या टाकीतून ठिबकायचं. तापलं की ताकद १६ वरून १२ अश्वशक्तीवर यायची.

पण तेवढी पुरेशी होती. पंखांचे आकार राइट बंधूंनी वाऱ्याच्या बोगद्यात तपासले होते आणि त्यांचे पंखे इंजिनाची जवळपास तीन चतुर्थांश ताकद कामी लावत. माझ्या मते खरी करामत इथे होती.

८ डिसेंबरला लँग्ले यांचं विमान सुटतानाच मोडून पोटोमॅक नदीत पडलं. चालक मॅन्ली गारठलेल्या पाण्यातून कसेबसे बाहेर आले. इंजिनाचा दोष नव्हता. नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकच्या वाळूवर टेलर यांच्या इंजिनानं ५९ सेकंदांत २६० मीटर मजल मारली.

१९३७ च्या सुमारास हेन्री फोर्ड राइट बंधूंचं दुकान संग्रहालयात पुन्हा उभारत होते. त्यासाठी टेलर यांचा शोध घेतला, तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात तासाला ३७ सेंटवर काम करताना सापडले. ते कोण आहेत, हे शेजारच्या यंत्रावरच्या कामगारांनाही ठाऊक नव्हतं.