रक्ताची साक्ष

हैदराबादेत चादरघाटचा पूल ओलांडला की मुसी नदीच्या दक्षिण तीरावर मलकपेठ लागते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच मुसीच्या महापुराने हजारो जीव घेतले. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधून नदीला आवर घालण्यात आला. पुराचे भय ओसरले. परंतु शहर वाढत गेले, तसतसे नदीच्या पात्रातून सांडपाणी वाहू लागले. शहराच्या खालच्या अंगाला त्याच पाण्यावर पॅरागवत पिकते, ते म्हशी खातात आणि त्यांचे दूध घरोघर जाते.

दुधात पाणी घातले आहे की नाही, हे लॅक्टोमीटर सांगतो. परंतु आपण सोवळ्याने आणलेल्या आणि देवापुढे ठेवलेल्या दुधातही असे काही असू शकते, की जे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. डायॉक्सिन हे त्यांतलेच एक. ते कोणी हेतुपुरस्सर बनवीत नाही. क्लोरीनयुक्त कचरा अर्धवट जळाला की ते आपोआप निर्माण होते. धुराबरोबर गवतावर बसते, गुरांच्या चरबीत साठते, आणि दूध, अंडी, मासे यांच्या वाटे माणसात उतरते. एकदा शरीरात गेले की त्याचा निम्मा अंश बाहेर पडावयास सात ते अकरा वर्षे लागतात. त्याचे मोजमाप ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात करावे लागते. म्हणूनच ही परीक्षा अत्यंत खर्चाची होय.

या परीक्षेच्या इतिहासात इटलीतील सेवेसो गावाचे नाव अग्रस्थानी येते. १० जुलै १९७६ रोजी त्या गावालगतच्या रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यात ते मोजण्याची रीत तेव्हा उपलब्ध नव्हती. तथापि तेथील वैद्यांनी ३०,००० हून अधिक रक्तनमुने गोठवून जपून ठेवले. सुमारे दहा वर्षांनी मापनाची विद्या सिद्ध झाली, आणि त्या जुन्या रक्ताने आपली साक्ष दिली.

आपल्याकडची साक्ष फार दूरची नाही. कासरगोड जिल्ह्यात कऱ्हाडे मराठी आणि कोंकणी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. तेथील सरकारी काजूबागांवर १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात होते. पद्रे गावात विचित्र व्याधी वाढत असल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानी आले. २००१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने गावातील पाणी, अन्न, दूध आणि माणसांचे रक्त तपासून त्यांत हे विष असल्याचे जाहीर केले. नंतरच्या एका परीक्षेचा निष्कर्ष निराळा निघाला व वाद माजला. परंतु अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेलाही शाळकरी मुलांच्या रक्तात एंडोसल्फान आढळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी, ज्या स्टॉकहोम कराराच्या यादीत डायॉक्सिन आरंभापासूनच होते, त्या यादीत एंडोसल्फानचेही नाव दाखल झाले. पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा न्यायालयाचा आदेश मात्र २०१७ साली निघाला. तोवर कित्येकांच्या उशाशी बसलेल्या माता वृद्ध झाल्या होत्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. व्याधी दिसल्यावर केलेली परीक्षा न्यायालयात उपयोगी पडते. व्याधी होण्यापूर्वी केलेली परीक्षा माणसाच्या उपयोगी पडते. १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेत आलेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाणारी संशोधनशाळा मलकपेठेपासून काही मैलांवरच आहे. अन्नपरीक्षेची परंपरा या नगरीला नवी नाही. मुसीकाठचे दूध आणि ते पिऊन वाढणाऱ्या लेकरांचे रक्त यांचे नमुने आजच तपासले जावेत, काही सेवेसोप्रमाणे जपून ठेवले जावेत, आणि निष्कर्ष लोकांसमोर मांडले जावेत, ही मागणी आपणच करावयास हवी. नैवेद्याच्या वाटीतील दूध निर्मळ असावे, ही आपली जुनीच श्रद्धा आहे. तिची खातरजमा करून घेणे, हा तिचा अवमान नव्हे.