मुरी, वाळू आणि कर्नल साइक्स

ज्या माशाला बाजारात फारसा भाव नाही, त्याचा इतिहास कोण लिहिणार? मुरी हा असाच एक मासा. बोटभर लांब, करंगळीहून बारीक, अंगावर भुरकट ठिपके किंवा पट्टे आणि तोंडाभोवती इवल्या मिशा. नदी-ओढ्यांच्या तळाशी, वाळूवर किंवा गोट्यांच्या सांदीत ती पडून असते. पाण्यात पाय टाकला की सळकन पुढे जाते आणि दोन हातांवर पुन्हा थबकते. लहानपणी पंचाने मासे धरलेल्यांना ती आठवेल. मुरी हे एकाच जातीचे नाव नव्हे. इंग्रजीत ज्यांना लोच म्हणतात, त्या कुळांतल्या अनेक लहान माशांना आपल्याकडे ढोबळपणे मुऱ्याच म्हणतात.

या मुरीचे नाव जगाच्या शास्त्रीय यादीत कसे गेले, ती हकिकत सांगण्याजोगी आहे. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध लढला. पुढे १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे किती, माणसे किती, पिके कोणती, असा तो हिशेब होता. कंपनी सरकारला मुलूख जिंकून झाला होता. आता त्याची मोजदाद हवी होती. साइक्सने त्या जोडीला पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. त्याच्या नावाचा चंडोल आजही दख्खनच्या माळांवर आढळतो.

१८३१ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली नावे मोठ्याने वाचली तर मराठी कानाला ती ओळखीची वाटतात. खुद्री म्हणजे आपली खडशी. मुल्या म्हणजे मळ्या. कोलस म्हणजे कोळस. आणि मूरेह म्हणजे मुरी! साइक्सने लॅटिन वळणाच्या शास्त्रीय नावांत इथली नावे जवळजवळ जशीच्या तशी बसवली. ही रीत त्याने शोधली असे नाही. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात रोहिता, कटला अशी नावे दिली होती.

त्याच निबंधात साइक्सने दुसऱ्या एका मुरीला फ्रँकफर्टचा निसर्गशास्त्रज्ञ रुपेल याचे नाव दिले. म्हणजे एका मुरीवर युरोपातल्या विद्वानाचे नाव, तर दुसरीवर नदीकाठच्या लोकांच्या तोंडचा शब्द. ज्यांनी तो शब्द सांगितला त्यांची नावे मात्र कुठे नाहीत. मासे कोणत्या डोहात मिळतात, कोणत्या वाळूत दडतात, हे जाळे टाकणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. साहेबाने ते कागदावर उतरवले. गेल्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळात या माशाचे शास्त्रीय कुलनाव बदलत गेले. आज त्याला पॅराकँथोकोबायटिस मूरेह म्हणतात. पुढचा भाग बदलला. पण मूरेह कायम राहिला.

असे मासे घरात पाळण्याची हौसही जुनी आहे. युरोपातला एक मोठा लोच काचेच्या बरणीत, तळाशी वाळू घालून ठेवत. वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरला की तो बेचैन होऊन वर-खाली फिरतो, म्हणून त्याला हवामानाचा मासा म्हणू लागले. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून ती शोषून घेतो. आपल्याकडच्या काही मुऱ्यांनाही ही कला साधलेली आहे. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि घरोघरी काचेच्या पेट्या आल्या. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ मध्ये.

माझ्या घरी दोन फुटी टाकीत सहा मुऱ्या आहेत. पाहुणे आले की विचारतात, ‘टाकी रिकामी का?’ मग मी थोडे थांबायला सांगतो. तळाशी दोन इंच बारीक, चाळून धुतलेली वाळू आहे. तिच्यातून आधी दोन डोळे दिसतात, मग मिशा. मिशांनी चाचपत मुरी वाळूचा घास घेते, त्यातले खाणे निवडते आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडते. दिवे मालवल्यावर तिचा दिवस सुरू होतो, म्हणून बुडणारे दाणे मी रात्रीच टाकतो. दुकानात मिळणारी रंगीत, धारदार खडी तिला चालत नाही. त्या खडीने मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की अन्न शोधण्याचे साधनच जाते. बिनवाळूच्या टाकीत ती कोपऱ्यात दबून राहते. एकटीदुकटीही ती बुजते. पाच-सहा जणी असल्या की मोकळी वावरते.

टाकीत वाळू घालणे माझ्या हातात आहे. नदीचे काय? आपल्या नद्यांची वाळू आपण घरे आणि पूल बांधायला उपसली. हा उपसा इतका वाढला की २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. वाळू गेली की तळाच्या माशाचे घर, ताट आणि लपण एकदमच जाते. वर शहरांचे सांडपाणी आहेच. पुणे परिसरातल्या माशांच्या जुन्या याद्या अभ्यासकांनी नव्या पाहणीशी ताडून पाहिल्या. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार पूर्वी नोंदलेले काही मासे आता तिथे सापडत नव्हते.

पट्टेवाल्या मुरीची गोष्टही तशीच. नारायण राव यांनी १९२० मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, आणि १९५६ मध्ये कोल्हापूरच्या नावाने तिचा एक उपप्रकारही नोंदला गेला. सह्याद्रीच्या बाहेर ती कुठे नाही. सुंदर पट्ट्यांमुळे ती शोभेच्या माशांच्या बाजारात गेली. आज ती जागतिक लाल यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. म्हणून माशांची हौस असणाऱ्यांना माझे सांगणे असते, की नदीतून धरून आणलेल्या दुर्मीळ मुऱ्या विकत घेऊ नका.

साइक्सची नेमणूक राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होती. पण त्याने नदीकाठच्या माणसाला माशाचे नाव विचारले, आणि म्हणून मुरी कागदावर राहिली. तो जिथे पोचला नाही, अशा कितीतरी ओढ्यांच्या माशांची नावे आजही फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. ज्यांचे गाव नदीकाठी आहे, त्यांनी या सुट्टीत घरच्या आजोबांना, किंवा जाळे विणणाऱ्या एखाद्या भोई काकांना ती विचारावीत. मासा कुठे दिसायचा, कोणत्या महिन्यात दिसायचा आणि शेवटचा कधी दिसला, एवढे वहीत लिहून ठेवावे. हे काम करायला कर्नल असावे लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)