यादीबाहेरचे मानकरी : बंगळूरच्या फुटबॉलची गोष्ट

कोणत्याही फुटबॉल लीगचा हंगाम संपला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक चौकट हमखास येते. सर्वाधिक गोल कोणाचे, सर्वोत्तम गोलरक्षक कोण, उदयोन्मुख खेळाडू कोण आणि साऱ्या हंगामाचा मानकरी कोण. चार-पाच नावे, तेवढीच छायाचित्रे, आणि कित्येक महिन्यांचा घाम त्या चौकटीत बसवलेला असतो. ही चौकट हवीच. पुढच्या पिढीला इतिहास सांगायला बहुतेक वेळा तीच उरते. पण बंगळूरच्या फुटबॉलचा इतिहास चाळू लागले की एक गंमत ध्यानात येते. या शहराला मोठे विजय ज्यांनी मिळवून दिले, त्यांतली बरीच नावे त्या चौकटीत सापडतच नाहीत. आणि या गोष्टीचे एक टोक थेट मुंबईत आहे, म्हणून आपण महाराष्ट्रीय बंगळूरकरांनी ती मुद्दाम जाणून घ्यावी.

सुरुवात मुंबईपासूनच करू. 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप ही स्पर्धा सुरू झाली. पहिली कित्येक दशके तिच्यावर ब्रिटिश पलटणींचाच हक्क असल्यासारखा होता. वर्षे बदलत, पलटणींची नावे बदलत, पण करंडक गोऱ्या सैनिकांच्या बराकीतच जाई. हे चक्र मोडले ते 1937 साली. मुंबईच्या, पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या संघाला जे जमले नव्हते, ते बंगळूरहून गेलेल्या ‘बंगळूर मुस्लिम्स’ या संघाने करून दाखवले. अंतिम सामन्यात समोर होता कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, म्हणजे त्या काळी कोलकाता लीग ओळीने जिंकत असलेला बलाढ्य संघ. बंगळूरकरांनी तो सामना 1-0 असा जिंकला आणि रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला. योगायोग म्हणावा तर पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, त्यांनी करंडक पुन्हा जिंकला. स्वातंत्र्यानंतर 1948 साली मोहन बागानला हरवून तिसऱ्यांदाही तो बंगळूरला आणला.

आज या संघातल्या अकरा जणांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? त्या काळी सोनेरी बूट नव्हता, हंगामाचा मानकरी नव्हता, मतदान नव्हते. करंडकावर संघाचे नाव कोरले गेले आणि माणसे आपापल्या कामाला लागली.

त्याच छावणीच्या मातीतून पुढे अहमद खान आला. 1926 साली बंगळूरमध्ये जन्मलेल्या या आघाडीपटूच्या पायाला चेंडू असा चिकटे की लोक त्याला ‘गारुडी’ म्हणत. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघातल्या ज्या पाच आघाडीपटूंना रसिकांनी ‘पंचपांडव’ हे नाव दिले, त्यांतला तो एक. 1948 आणि 1952 अशा दोन ऑलिंपिकमध्ये तो खेळला. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही तो होता. 1952 साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडवला, तेव्हा भारताचा तो एकुलता एक गोल अहमद खानचा होता. 1948 साली लंडनला फ्रान्सविरुद्ध स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला पहिला गोल करणारा एस. रामन हाही बंगळूरचाच. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 साली. तोवर या मंडळींची खेळण्याची वर्षे सरली होती. पुरस्कार जन्माला येण्यापूर्वीच ज्यांनी पराक्रम केला, त्यांना आपल्या आठवणीशिवाय दुसरे मानपत्र कुठले?

यानंतरचा अध्याय आपल्यातल्या अनेक घरांच्या जवळचा आहे, कारण तो कारखान्यांचा आहे. नोकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे या शहरात आली, त्यांतली कितीतरी एचएएल, आयटीआय, बीईएल, एचएमटी या नावांनीच आली. यातल्या एचएएलचे बीज तर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने 1940 साली रोवलेले. या कारखान्यांचे फुटबॉल संघ शहराच्या लीगमध्ये जिद्दीने खेळत. 1977 साली देशातल्या क्लबांसाठी फेडरेशन कप सुरू झाला. एर्नाकुलमला झालेल्या त्या पहिल्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आयटीआयने मोहन बागानला 1-0 असे हरवले. टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याच्या संघाने पहिला फेडरेशन कप दूरवाणीनगरला आणला! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच मोहन बागानने पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसला 2-2 असे बरोबरीत रोखले. कोलकात्यात त्या सामन्याच्या आठवणी अजून निघतात. आयटीआयच्या विजयाची आठवण मात्र आपल्याच शहरात किती जणांना आहे, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

1996-97 साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि पुरस्कारांचे युग खऱ्या अर्थाने अवतरले. पहिल्या हंगामात सर्वाधिक 14 गोल भायचुंग भुतियाने केले. त्यानंतर ही यादी हळूहळू परदेशी आघाडीपटूंच्या ताब्यात गेली. 2011-12 मध्ये गोव्याच्या धेंपो संघाच्या रँटी मार्टिन्सने तर एका हंगामात 32 गोल ठोकले. अशा काळात 2013 साली बेंगळुरू एफसी हा नवा क्लब उभा राहिला आणि सुनील छेत्री इथे आला. पहिल्याच हंगामात, 2013-14 मध्ये, क्लबने आय-लीग जिंकली. छेत्री 14 गोलांसह सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता आणि 2014 चा राष्ट्रीय महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. हा सन्मान त्याने एकूण सात वेळा मिळवला. म्हणजे एकदा तरी चौकटीतले नाव आणि करंडक हातात हात घालून आले. 2015-16 मध्ये क्लबने आय-लीग पुन्हा जिंकली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती दोन तारखांची आहे. दोन्ही तारखा 17 मार्च.

17 मार्च 2018. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना आपल्या कंठीरवा मैदानावर होता. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ज्याला तेव्हा ‘हिरो ऑफ द लीग’ म्हणत, तो होता सुनील छेत्री. त्याने नवव्याच मिनिटाला गोल करून आघाडीही मिळवून दिली. तरीही चेन्नईयिनने सामना 3-2 असा फिरवला. सन्मान बंगळूरला, करंडक चेन्नईला.

17 मार्च 2019. या वेळी मैदान मुंबईत, अंधेरीचे, आणि समोर एफसी गोवा. हंगामाचे दोन मोठे सन्मान गोव्याच्या फेरान कोरोमिनासचे : 16 गोलांसाठी गोल्डन बूट आणि ‘हिरो ऑफ द लीग’ही तोच. बंगळूरकडे गोल्डन ग्लोव्ह होता, तो गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूचा. नव्वद मिनिटे संपली, एकही गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. 117 व्या मिनिटाला डिमास डेलगाडोने कॉर्नर घेतला, आणि गर्दीतून उंच उडालेल्या एका बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. तो होता राहुल भेके. मुंबईत जन्मलेला, मराठी मुलगा. साखळीत अव्वल राहून अंतिम सामनाही जिंकणारा बेंगळुरू एफसी हा त्या लीगमधला पहिला संघ ठरला.

1937 साली बंगळूरची मुले मुंबईला गेली आणि कोणत्याही भारतीय संघाला न मिळालेला करंडक घेऊन आली. त्यानंतर 82 वर्षांनी मुंबईच्याच मुलाने, मुंबईच्याच मैदानावर, बंगळूरसाठी करंडक जिंकला. ज्याचे गाव एक आणि कर्मभूमी दुसरी, अशा आपल्यासारख्यांना यातला गोडवा वेगळा सांगायला नको. गोव्याशी सोयरीक असलेल्या काही घरांतून त्या रात्री काय बोलले गेले असेल, तो विषय इथे काढत नाही!

भेकेची गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. 2016 साली बेंगळुरू एफसी एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. तिथवर जाणारा तो पहिला भारतीय क्लब. दोहात इराकच्या एअर फोर्स क्लबने त्याला 1-0 असे हरवले. पुढे भेके मुंबई सिटीकडे गेला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीची गाठ त्याच इराकी क्लबशी पडली. सामना 2-1 असा मुंबईने जिंकला. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. निर्णायक गोल? पुन्हा भेकेचाच, आणि पुन्हा डोक्यानेच. 2024 मध्ये तो बंगळूरला परत आला.

बचावपटूचे काम आपल्या स्वयंपाकघरासारखे असते. सगळे सुरळीत चालले की कोणाचे लक्ष जात नाही, आणि एक दिवस चुकले की घरभर चर्चा. गोल मोजता येतात, म्हणून त्यांचे सोनेरी बूट होतात. अडवलेले गोल, वेळेवर घेतलेली जागा, सहकाऱ्याला दिलेली हाक यांची नोंद ठेवणारा रकाना अजून कोणी आखलेला नाही. कोल्हापूरकरांना हे ठाऊक आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे सामने पाहणारा प्रेक्षक गोल करणाऱ्याइतकीच दाद पाय घालून चेंडू काढणाऱ्यालाही देतो. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा.

मार्च 2023 मध्ये कर्नाटकाने रियाधला मेघालयाला 3-2 असे हरवून संतोष करंडक जिंकला. याआधी तो 1968-69 साली, राज्याचे नाव म्हैसूर असताना, जिंकला होता. मधली 54 वर्षे जे मैदानात उतरत राहिले, हरत राहिले आणि पुढच्या पोरांना शिकवत राहिले, त्यांची यादी कुठेच छापलेली नाही. अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर जिल्हा लीगचे सामने होतात. एखाद्या दुपारी मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. आणि सामना संपल्यावर गोल कोणी केला याबरोबरच गोल कोणी होऊ दिला नाही, हेही त्यांना विचारावे.