दुसऱ्याचा न्याय आणि परधर्मसहिष्णुता : ख्रिस्ती विचार व चांदा-गडचिरोली

परक्या माणसाच्या श्रद्धेविषयी व आचाराविषयी निवाडा देण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला कितपत आहे, या प्रश्नावरील ख्रिस्ती धर्मविचार आणि जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या, वनप्रदेशात त्याला आलेले रूप. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यामुळे आधीच्या काळासाठी या नोंदीत ‘चांदा’ हेच नाव वापरले आहे.

या विचाराचा मुख्य आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात, सातव्या अध्यायात आहे. दुसऱ्याचा न्याय करायला बसू नये, आपण लावतो तीच कसोटी आपल्यालाही लागणार आहे, असे येशू तेथे बजावतो. मात्र त्याच अध्यायात खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या करणीवरून ओळखावे, असेही तो सांगतो. तेव्हा बरे-वाईट पारखायला मनाई नाही. मनाई आहे ती माणसाचा कायमचा निकाल लावायला. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीचा प्रसंग आहे. तिच्यावर दगड उचलायला निघालेले लोक स्वतःकडे पाहून एकेक करून निघून जातात. लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोनी गाव येशूला उतरू देत नाही, तेव्हा शिष्य त्या गावावर आकाशातून अग्नी मागवायला निघतात आणि येशू शिष्यांनाच दटावतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आणखी स्पष्ट मर्यादा आखली आहे : मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे हे मंडळीचे काम नव्हे, ते देवाकडे आहे.

याच नव्या करारात तारण केवळ ख्रिस्ताद्वारेच आहे, असेही ठामपणे म्हटले आहे. या दोन गोष्टींमधला ताण ख्रिस्ती इतिहासात कधी संपलेला नाही. मेजवानीच्या दृष्टान्तातील धन्याचा सक्तीचा शब्द उचलून संत ऑगस्टीनने पाखंड्यांवरील राजसत्तेच्या बळजबरीला धर्ममान्यता दिली आणि पुढे शतकानुशतके तिचा दाखला दिला गेला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. धर्माच्या नावाने दुसऱ्याचा न्याय करण्याचे मराठी मुलखाच्या उंबरठ्यावरचे सर्वांत काळे प्रकरण ते हेच. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. तेथील लोकांची भाषा आणि पुराणाचा घाट आपलासा करून त्यांनी आपली कथा सांगितली. युरोपात सक्तीविरुद्धचा ख्रिस्ती आवाज कास्तेल्योच्या १५५४ मधील ग्रंथातून आणि लॉकच्या १६८९ मधील पत्रातून पुढे आला.

मराठी ख्रिस्ती जीवनात हा प्रश्न घराच्या आत आला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. त्यांच्या मनाची पकड घेतली ती डोंगरावरच्या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे पुन्हा एकत्र आले तेही दोन धर्मांचे म्हणूनच, आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की या काळात एकमेकांच्या श्रद्धेवर शिक्का न मारता राहणे त्या दोघांना किती कष्टाने जमले.

चांद्याच्या जंगलात प्रश्न गोंड व माडिया लोकांच्या देवांचा होता. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप गावोगाव फिरले आणि त्यांनी गोंडांच्या चालीरीती, शब्द व देवकथा टिपून घेतल्या. परधान गायकांच्या तोंडची, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची दीर्घ कथा त्यांच्या कागदांत होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळ नाल्याच्या पुरात हिस्लॉप वाहून गेले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉप हे धर्मांतरासाठीच आलेले कर्मठ प्रॉटेस्टंट होते. तरीही निवाड्याआधी त्यांनी ऐकून घेतले, आणि म्हणूनच लिंगोची कथा आज छापील रूपात आपल्या हाती आहे.

चांदा शहरात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन १८७० नंतरच्या दशकात उभे राहिले. तेथे अनेक वर्षे काम केलेले ॲलेक्स वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. या प्रदेशातील ख्रिस्ती विचाराचा सर्वांत बोलका वाद त्यांच्याच कारकिर्दीत घडला. १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेले तरुण इंग्रज पाद्री व्हेरिअर एल्विन १९३२ च्या आरंभी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड गावात राहायला गेले. गोंडांची सेवा करायची, पण त्यांना ख्रिस्ती करायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. बिशप वुड यांना तो मान्य होण्याजोगा नव्हता. शिवाय एल्विन गांधीजींच्या बाजूचे. राजनिष्ठेची शपथ घ्यायलाही ते तयार नव्हते. बिशपांनी त्यांना पाद्री म्हणून परवाना दिला नाही. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च सोडले.

या वादात वुड यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि ते चूक आहे. ज्या माणसाने तारुण्य चांद्यात घालवले, त्याला शुभवर्तमान न सांगता केलेली सेवा अपुरी वाटली, ही त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. साक्ष द्यायची की नाही, हा खरा मतभेद होता. दुसऱ्याचे दैवत हीन ठरवल्याशिवाय साक्ष देता येते का, हा त्याच्या पोटातला प्रश्न मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी तसाच राहिला. एल्विन यांनी त्याचे उत्तर पुढे गोटूलच्या बाबतीत दिले. तरुण मुलामुलींच्या या युवागृहावर बाहेरच्यांनी, त्यांत मिशनरी आणि सुशिक्षित हिंदू दोन्ही आले, अनीतीचा शिक्का मारला होता. एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांमध्ये राहून १९४७ मध्ये जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गोटूलची शिस्त, कामाची वाटणी आणि नाच-गाणी आतून दाखवली. त्यांच्या काही वर्णनांत भाबडेपणा आहे. तरी निकाल देण्याआधी वस्तीला राहून पाहणे, ही त्यांची रीत डोंगरावरच्या प्रवचनाला चर्चच्या अनेक फर्मानांपेक्षा जवळची होती.

स्वातंत्र्यानंतर न्याय करणारे आणि न्याय होणारे यांच्या जागा बदलल्या. चांदा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. एप्रिल १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली गेली. १९५६ मधील तिच्या अहवालाने शाळा, दवाखाने व पैसा यांच्या आडून धर्मांतर होत असल्याचा ठपका ठेवला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी चांद्यात हजारोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. धर्म बदलणारा माणूस स्वतः विचार करू शकतो, याचा याहून ठळक पुरावा या जिल्ह्याने पाहिलेला नाही. मध्यप्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ मध्ये आला, तोवर विदर्भ महाराष्ट्रात आला होता. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला.

कॅथलिक चर्चनेही याच सुमारास आपली भूमिका नव्याने मांडली. ३१ मार्च १९६२ रोजी केरळच्या सिरो-मलबार परंपरेकडे चांद्याचे स्वतंत्र कार्यक्षेत्र सोपवण्यात आले. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. दरम्यान १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले आणि श्रद्धेच्या बाबतीत सक्ती व आमिष दोन्ही निषिद्ध ठरवली. नियोगी समितीच्या आरोपाला ख्रिस्ती बाजूने देता येण्याजोगे सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे. ते प्रत्यक्षात उतरले की नाही, हे मात्र गावोगावी तपासावे लागते.

तपासण्याची जागा म्हणजे पंडुम, माडियांचा सण. माडिया गावात आंबा पिकला तरी मरका पंडुम झाल्याशिवाय कोणी तो खात नाही. गाव वर्गणी काढते, देवाला नैवेद्य होतो, मग सगळे जेवतात. ख्रिस्ती झालेल्या घराने वर्गणी द्यावी का? नैवेद्याचे खावे का? करिंथच्या मंडळीपुढे मूर्तीला वाहिलेल्या मांसाबाबत हाच पेच होता. पौलाचे उत्तर असे, की अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही की दूरही जात नाही, पण आपल्या खाण्याने दुर्बळ भावाचे मन दुखावू नये. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो खाणाऱ्याने न खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, असे सांगतो. या न्यायाने पंडुमला जेवणाऱ्या माणसाला दोष देणारा उपदेशक या शिकवणीच्या बाहेर जातो. वर्गणी दिली नाही म्हणून शेजाऱ्याचे पाणी तोडणारे गावही आपल्याच गावपणाला बाधा आणते.

हा पेच मृत्यूच्या वेळी सर्वांत कठोर होतो. शेजारच्या छत्तीसगडमधील बस्तर जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये एका ख्रिस्ती पाद्र्याला त्याच्या गावात माती द्यायला विरोध झाला. शव जवळपास तीन आठवडे शवागारात राहिले. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले आणि अखेर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी जपण्याचे आणि गावातले तंटे मिटवण्याचे अधिकार दिले आहेत. पेरमा म्हणजे गावचा पुजारी, पाद्री आणि गावकरी यांनी एकत्र बसून, कोणाच्या घरी मृत्यू होण्याआधीच, दफनाची जागा ग्रामसभेच्या ठरावाने ठरवून ठेवावी.