देवेंद्र लाल

देवेंद्र लाल (१४ फेब्रुवारी १९२९ – १ डिसेंबर २०१२) हे भारतीय भूरसायनशास्त्रज्ञ व भूभौतिकशास्त्रज्ञ होते. विश्वकिरणांमुळे निसर्गात अत्यल्प प्रमाणात निर्माण होणाऱ्या समस्थानिकांच्या साहाय्याने वातावरण, महासागर, हिम आणि खडक यांतील प्रक्रियांचा काळ व वेग मोजण्याच्या शास्त्राचे ते एक संस्थापक मानले जातात.

प्रारंभिक जीवन

लाल यांचा जन्म वाराणसी येथे झाला. बनारस हिंदू विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर १९४९ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे बर्नार्ड पीटर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रकाशग्राही पायसाच्या थरांवर उमटणाऱ्या विश्वकिरणांच्या रेषांचा अभ्यास केला. मुंबई विद्यापीठाने त्यांना १९६० मध्ये पीएच.डी. प्रदान केली.

संशोधन

विश्वकिरण वातावरणातील नायट्रोजन, ऑक्सिजन व आरगॉन यांच्या अणुकेंद्रांवर आदळले की नवे समस्थानिक तयार होतात. त्यांतील किरणोत्सारी समस्थानिकांचे अर्धायुष्य ठरावीक असल्याने त्यांचा घड्याळासारखा उपयोग होतो. कार्बन-१४ हे याचे परिचित उदाहरण. मात्र त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असल्यामुळे काही आठवड्यांत घडणाऱ्या किंवा लाखो वर्षे चालणाऱ्या प्रक्रियांसाठी ते उपयोगी पडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईतील गटाने इतर समस्थानिकांचा शोध घेतला. लाल व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये पावसाच्या पाण्यात फॉस्फरस-३२ व फॉस्फरस-३३ आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास या गटाने खोल समुद्रातील गाळात बेरिलियम-१० मोजले. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे. अल्पायुषी समस्थानिकांमुळे हवेचे थर एकमेकांत किती काळात मिसळतात, तसेच वातावरणातील सूक्ष्म कण पावसाबरोबर किती दिवसांत खाली येतात, हे ठरवता येऊ लागले. अणुस्फोट चाचण्यांची किरणोत्सारी धूळ जगभर पसरत असलेल्या त्या दशकात या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही होते.

अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत एडवर्ड गोल्डबर्ग व मिनोरू कोइडे यांच्यासह लाल यांनी १९६० मध्ये सागरी स्पंजांच्या सांगाड्यांत सिलिकॉन-३२ शोधून काढले. समुद्राच्या पाण्यात हे समस्थानिक इतके विरळ असते, की मोजणीसाठी प्रचंड प्रमाणात पाणी लागते. तेवढे पाणी जहाजावर साठवणे अशक्य असल्याने लोहाच्या हायड्रॉक्साइडाचा लेप दिलेले तंतू थेट समुद्रात सोडून समस्थानिक गोळा करण्याची पद्धत लाल व सहकाऱ्यांनी विकसित केली.

या गटाने १९७१ मध्ये शिसे-२१० च्या आधारे गोड्या पाण्याच्या सरोवरांतील गाळाचे वय काढण्याची पद्धत मांडली. त्या अभ्यासात युरोपातील पाव्हें व लेमां या सरोवरांबरोबरच मुंबईला पाणीपुरवठा करणाऱ्या तानसा तलावातील गाळाचाही समावेश होता. गेल्या सुमारे शंभर ते दीडशे वर्षांतील प्रदूषणाचा इतिहास तपासण्यासाठी शिसे-२१० ही आज नित्याची पद्धत आहे. अशनी आणि अपोलो मोहिमांनी आणलेले चंद्रावरील नमुने यांतील विश्वकिरणांच्या खुणांवरही लाल यांनी संशोधन केले.

खडकांतील कालमापन

विश्वकिरण जमिनीवरील खडकांतही समस्थानिक निर्माण करतात. परंतु समुद्रसपाटीला १ ग्रॅम गारगोटीत वर्षाला बेरिलियम-१० चे जेमतेम चार-पाच अणू तयार होतात. त्वरकाधारित वस्तुमान वर्णपटमापनाचे तंत्र आल्यावर ते मोजणे शक्य झाले. कुनिहिको निशिइझुमी, लाल व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये गारगोटीतील बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ यांच्यावरून खडकांच्या झिजेचा वेग काढता येतो, हे दाखवले. अक्षांश व उंची यांनुसार हे समस्थानिक कोणत्या दराने तयार होतात आणि झिजेचा त्यांच्या प्रमाणावर काय परिणाम होतो, याचे गणित लाल यांनी १९९१ च्या लेखात मांडले. एखादा पृष्ठभाग उघडा पडून किती काळ लोटला, हिमनदी केव्हा मागे हटली, डोंगर किती वेगाने झिजत आहे, या प्रश्नांना त्यामुळे संख्यात्मक उत्तर मिळू लागले. पुढे उत्पादनदरांत सुधारणा झाल्या, तरी या विषयातील नंतरच्या गणनपद्धती त्याच मांडणीवर उभ्या आहेत.

संस्थात्मक कार्य

विक्रम साराभाई यांच्या निधनानंतर १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९८३ पर्यंत त्या पदावर होते. मुंबईतील त्यांचा गटही अहमदाबादला आला व तेथे समस्थानिक भूरसायनशास्त्राची परंपरा रुजली. १९८३ ते १९८७ या काळात ते आंतरराष्ट्रीय भूगणित व भूभौतिकी संघाचे अध्यक्ष होते. स्क्रिप्स संस्थेशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकला. सान डिएगो येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

• शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९६७)
• पद्मश्री (१९७१)
• रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९७९)
• भूरसायनशास्त्रातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक असलेले व्ही. एम. गोल्डश्मिट पदक (१९९७)