पाण्याच्या थेंबांतील प्रजा

डोळ्यांनीं पाहिलेलें तें खरें, असें आपण सहज म्हणतों. परंतु एकालाच दिसलें आणि इतरांना दिसेना, तर तें खरें मानावें काय? सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं हा प्रश्न युरोपांतील विद्वानांपुढें उभा राहिला. आणि तो उभा केला हॉलंडमधील एका कापडाच्या व्यापाऱ्यानें.

आंतोनी व्हान लेव्हेनहूक याचा जन्म १६३२ सालीं डेल्फ्ट शहरीं झाला. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. डच भाषेवांचून अन्य भाषा त्याला येत नव्हती. मात्र भिंगांचा त्याला विलक्षण नाद होता. पितळेच्या दोन पत्र्यांमध्यें मोहरीएवढें भिंग बसवावें, समोर सुईच्या टोकावर वस्तु धरावी आणि उजेडाकडे तोंड करून पाहावें, एवढेंच त्याचें यंत्र. त्याच्या उपलब्ध यंत्रांतील एक वस्तूला सुमारें २७० पट मोठी करून दाखवितें.

१६७४ सालीं त्यानें एका तळ्याच्या पाण्यांत हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. पुढें मिऱ्यांचा तिखटपणा कशांत आहे हें शोधण्यासाठीं त्यानें मिरीं पाण्यांत भिजत घातलीं. तिखटपणाचें मूळ सांपडलें नाहीं. पण एप्रिल १६७६ मध्यें त्या पाण्याच्या थेंबांत जिवांची अगणित प्रजा दिसली! ९ ऑक्टोबर १६७६ रोजीं हा वृत्तान्त त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविला.

सोसायटीनें त्याची थट्टा केली नाहीं, तसा त्यावर विश्वासही ठेवला नाहीं. लेव्हेनहूकनें आठ प्रतिष्ठित गृहस्थांच्या साक्षी धाडल्या. तथापि साक्ष म्हणजे प्रयोग नव्हे. अखेर रॉबर्ट हुक यानें स्वतः मिऱ्यांचें पाणी तयार केलें. प्रारंभीं त्याला अपयश आलें; परंतु नोव्हेंबर १६७७ मध्यें सभासदांनीं ते जीव स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले. १६८० सालीं तो व्यापारी सोसायटीचा सभासद झाला.

आजचें शास्त्र यांतील बहुतेकांना प्राणी म्हणत नाहीं. कांहीं जीवाणु होते, कांहीं एकपेशीय जीव. परंतु त्यानेंच पाहिलेले रोटिफर हे खरेखुरे प्राणी होत. त्यांतील कित्येक मिलिमीटरच्या दशांशाहूनही लहान असतात. तरी त्यांना तोंड आहे, जठर आहे. पन्हळींतील सुकलेल्या गाळांत पाणी घालतांच ते पुन्हां हालूं लागतात, हें त्यानें १७०२ सालीं लिहून ठेविलें आहे.

मात्र एक गोष्ट त्यानें कोणासही सांगितली नाहीं. आपलीं उत्तम भिंगें कशीं केलीं, हें गुपित मनांत ठेवूनच १७२३ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, तो निवर्तला. त्यानंतर दीर्घकाल त्याच्याइतकें सूक्ष्म कोणालाच दिसलें नाहीं आणि या विषयाची प्रगति खुंटली. २०२१ सालीं संशोधकांनीं तें २७० पटीचें यंत्र न उघडतां न्यूट्रॉन-किरणांनीं तपासलें. आंतील भिंग घासून केलेलें नव्हतें. तापवून वितळविलेल्या कांचेचा तो गोल मणि होता. आणि ही कृति रॉबर्ट हुकनें १६६५ सालींच आपल्या ग्रंथांत छापून सर्वांस खुली केली होती!

श्रोतेहो, पाण्याच्या थेंबांतील ही सूक्ष्म सृष्टि प्रथम पाहण्याचा मान सामान्यतः लेव्हेनहूकलाच दिला जातो. परंतु ती जगाच्या ज्ञानांत जमा झाली, ती दुसऱ्यानें शंका घेऊन पुन्हां पाहिली तेव्हांच. ज्ञान कुलुपांत ठेविलें कीं तें धन्याबरोबरच जातें. वाटलें कीं टिकतें.